‘ढ’ हे फक्त एक अक्षर आहे

(साखरखेर्डा, ता. सिंदखेडराजा येथे बचत गटांतील बायका आणि संघटनेच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्याचा बाज होता तसाच ठेवला आहे.)

माझ्या आधी ज्या बोलल्या त्यांच्या हातात कागद होते. माझ्या हातात नाही. पाठ करून आले असंही समजू नका. कागद असता तरी तो मला तुमच्यासमोर वाचता आला नसता. मी सातवी शिकलेली बाई आहे. वीस वर्षं गटाची अध्यक्ष आहे. बँकेत सही करते, तहसीलवर मोर्चा नेते, आणि मला धड वाचता येत नाही. एवढं एक वाक्य चारचौघींत बोलायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

सकाळच्या गटचर्चेत आपण ‘मुली शाळा का सोडतात’ याची कारणं फळ्यावर लिहिली. गरिबी, शाळा लांब, एसटीची वेळ जुळत नाही, लहान भावंडं सांभाळायची, मुलगी मोठी झाली, लग्न ठरलं. सगळी खरी आहेत. पण एका ताईनं जाता जाता एक वाक्य टाकलं, आणि ते फळ्यावर कोणी लिहिलं नाही. ती म्हणाली, “आमच्या पुतणीचं तसं काही नव्हतं, तिला अभ्यासात गतीच नव्हती.” आपण सगळ्यांनी माना हलवल्या. गरिबीला आपण कारण मानतो आणि तिच्याशी भांडतो. ‘गती नव्हती’ याला मात्र आपण त्या पोरीचा स्वभाव मानून पुढं जातो. मला आज त्या एका वाक्यावर बोलायचं आहे.

माझं माहेर लोणार तालुक्यात. शाळेत मी कविता म्हणण्यात पहिली होते. धडा शेजारच्या मैत्रिणीनं वाचला की माझा पाठ व्हायचा. बाजारात बापाच्या आधी माझा हिशोब तोंडी तयार असायचा. पण पुस्तक उघडून ‘वाच’ म्हटलं की मी उभी राहायची आणि घाम फुटायचा. फळ्यावरचा ‘घ’ माझ्या पाटीवर ‘ध’ व्हायचा, ‘भ’चा ‘म’ व्हायचा. एकाच ओळीवर दोनदा जायची, एखादी ओळ गाळायची. एकदा मी पाठ असलेला धडा पुस्तकात बघून वाचल्यासारखा म्हणून दाखवला. पान चुकीचं उघडलं होतं. सगळा वर्ग हसला. हातावर छड्या बसल्या आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं ‘ढ’.

म्हणतात की ‘ढ’ या अक्षराचं वळण अशोकाच्या काळापासून फारसं बदललं नाही, म्हणून ज्याच्यात बदल होत नाही तो ‘ढ’. अक्षराचं काही असो, मुलीच्या कपाळावर ते एकदा लिहिलं की पुसत नाही. बाप म्हणाला, “पोरीचं डोकंच चालत नाही, तं कायले शायेत पाठवता?” सातवीनंतर मी शेतात आणि सतराव्या वर्षी या गावात नांदायला आले. मुलीचं लग्नाचं वय तेव्हाही कायद्यानं अठराच होतं. पण ‘ढ’ मुलीसाठी कोण थांबतं?

इथं आल्यावर गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. मला वाटलं, ही दुसरी संधी. आमच्या गल्लीतली एक पन्नाशीची बाई, आयुष्यात शाळेची पायरी न चढलेली, माझ्याबरोबर बसायची. चार-सहा महिन्यांत ती एसटीची पाटी वाचायला लागली. मी सात वर्षं शाळेत घालवलेली, आणि मला ते पहिलं पुस्तक अडखळल्याशिवाय येईना. त्या रात्री मी खूप रडले. तिला कोणी शिकवलं नव्हतं म्हणून येत नव्हतं. मला शिकवूनही येत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. पण दुसरीला काही नाव आहे हे माहीत नव्हतं. मी तिला ‘माझा मूर्खपणा’ म्हणत राहिले.

त्या लाजेनं माझं काय नेलं ते सांगते. बाप गेल्यावर माहेरी बोलावणं आलं. भावानं एक कागद पुढं ठेवला आणि म्हणाला, “वाच आन सही कर.” मैत्रिणींनो, तो ‘वाच’ म्हणाला होता. माझ्या तोंडून ‘मला वाचता येत नाही’ एवढे शब्द निघाले असते तर कोणीतरी वाचून दाखवलं असतं. पण समोर भावजय, चुलते, पोरंसोरं. मी डोळे ओळींवरून फिरवले, वाचल्याचं सोंग केलं आणि सही ठोकली. ते हक्कसोडपत्र होतं. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी माझ्या हातानं लिहून दिला. संघटनेच्या शिबिरांत आपण बहिणीच्या वाट्याबद्दल बोलतो तेव्हा भावाच्या लोभाबद्दल, रीतीभातीबद्दल बोलतो. माझ्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट होती. मी ‘ढ’ आहे हे लपवायचं होतं.

आता माझ्या लेकरांकडे येते. मला दोन, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगा तिसरीत गेला आणि मला माझंच बालपण पुन्हा दिसायला लागलं. तोंडी सगळं येतं, वहीवर काही नाही. ‘पंचवीस’ सांगितलं की बावन्न लिहायचा. अभ्यासाची वेळ झाली की पोट दुखायचं. वर्गात खोड्या करायचा, दप्तर फेकून पळायचा, रोज घरी तक्रार. सासूबाई म्हणायच्या, “मायवर गेलं पोट्टं.” नवरा त्याला मारायचा आणि मला बोलायचा, “दिवसभर मिटिंगा करत फिरतेस, घरात लेकराचा अभ्यास कोणी घ्यायचा?” आणि लपवत नाही, मीही त्याला मारलं. ज्या छडीनं माझा हात सुजला होता तीच मी त्याच्यावर उगारली. कारण तो नापास झाला की मी नापास होत होते.

हे नीट समजून घेऊ या. सिंदखेडराजा आपल्या हाकेच्या अंतरावर. दर १२ जानेवारीला आपण जिजाऊंच्या माहेरी जातो. व्यासपीठावरून ऐकतो की आईनं घडवलं म्हणून शिवबा घडले. ऐकताना ऊर भरून येतो. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू घराघरात बायकांच्या पाठीवर बसते. लेकरू घडलं तर घराण्याचं नाव, आणि नाही घडलं तर आईनं घडवलं नाही. ज्या आईच्या मुलाला तिसरीत वाचता येत नाही तिला डॉक्टर दिसण्याआधी सगळे दोष दिसतात. नोकरी करते म्हणून, अडाणी आहे म्हणून, लाडावून ठेवलं म्हणून, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून.

मुलगा चौथीत गेला तेव्हा त्याच्या वर्गावर ज्या बाई होत्या त्यांनी त्याला मारलं नाही. त्यांनी त्याला धडा वाचून दाखवला आणि त्यावर तोंडी प्रश्न विचारले. त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली. बाईंनी मला शाळेत बोलावलं. मी भीत भीत गेले. त्या म्हणाल्या, “ताई, तुमचा मुलगा हुशार आहे. त्याला डिस्लेक्सिया असावा.” मी विचारलं, “हा बरा होतो का?” त्या म्हणाल्या, “हा आजार नाही, म्हणून बरा व्हायचा प्रश्न नाही. शिकवायची पद्धत बदलायची.” मग मी हळूच विचारलं, “हा मोठ्या माणसांनाही असतो का?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते ऐकलं. ऐकून शिकणं मला येतं. जे कळलं ते तुम्हाला साध्या शब्दांत सांगते.

आपण बोलतो ते शब्द आवाजांचे बनलेले असतात. वाचायचं म्हणजे शब्दाचे आवाज सुटे करायचे, प्रत्येक आवाजाला त्याचं अक्षर जोडायचं आणि ते झटकन, विचार न करता व्हायला पाहिजे. बहुतेक मुलांना थोड्या सरावानं ते जमतं. काहींच्या मेंदूला हे जोडकाम जड जातं. डोळे चांगले, कान चांगले, समज चांगली, पण हे एकच काम अवघड. २००७ साली ‘तारे जमीन पर’ सिनेमा आला, त्यात अक्षरं नाचताना दाखवली, म्हणून लोकांना वाटतं हा डोळ्यांचा दोष आहे आणि ते चष्मा करून आणतात. खरी अडचण आवाज आणि अक्षर यांच्या जोडणीत आहे. घराण्यात ही गोष्ट चालत येते, आईकडून येते तशी बापाकडूनही येते. माझ्या लेकरांत ती माझ्याकडून आली असेल. त्यांचा रंग आणि माझ्यासारखं नाकही माझ्याकडूनच आलं, त्याबद्दल मला कोणी माफी मागायला लावली नाही.

हे नवीन खूळही नाही. डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ साली जर्मनीतल्या रुडॉल्फ बर्लिन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वापरला. १८९६ साली इंग्लंडमध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते, आणि त्याचे मास्तर म्हणत होते की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. एवढ्या वर्षांत आपल्याकडे किती पोरींना ‘ढ’ म्हणून घरी बसवलं असेल, याचा विचार करा.

आपल्या मराठीत हे कसं दिसतं तेही ओळखायला शिका. घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांची गल्लत. ‘ख’ दिसला की ‘र’ आणि ‘व’ वाचणं. ‘किती’ शब्द घ्या. तोंडानं आधी ‘क’ म्हणायचा आणि हातानं आधी पहिली वेलांटी काढायची. ज्याला क्रमच अवघड जातो त्याची इथं त्रेधा उडते. ‘र’ तर किती वेषांत येतो पहा. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाखाली, ‘दऱ्या’मध्ये आणखी वेगळा. आकड्यांचं तसंच. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र नंतर. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, लिहायचा दोन आणि नऊ. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’साठी ‘वीस सात’ असं वाचायची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला. लोकांनी नावांवरून विनोद केले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या. आपली भाषा बुडाली असं ओरडणाऱ्यांत कोणाला बावन्न लिहिणारं लेकरू आठवलं का?

एक सूचना मात्र देते. अशा चुका सुरुवातीला सगळीच मुलं करतात. पहिलीतल्या मुलानं अक्षर उलटं काढलं म्हणून लगेच शिक्का मारू नका. नीट शिकवूनही तिसरीपर्यंत अडचण तशीच राहिली, तोंडी आणि लेखी यांत जमीन-अस्मानाचं अंतर दिसलं, तर तपासणी करा. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. मराठीतूनच तपासायची साधनंही आता आहेत. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली ‘डाली’ नावाची चाचणी काढली, ती इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि कन्नडमध्येही आहे.

आता कायद्याचं. मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन निघाली. त्याच काळात दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळायला लागल्या. पण हा शब्द शहरातल्या इंग्रजी शाळांच्या पालकांत फिरत राहिला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात आपली मुलं नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले आणि त्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हे नाव आलं. १९ एप्रिल २०१७ पासून तो कायदा लागू आहे. अशी मुलं लवकर ओळखून त्यांना योग्य ती मदत देणं हे त्या कायद्यानं शाळेचं कर्तव्य आहे, उपकार नाही. शाळेतल्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करायची असंही त्यात लिहिलं आहे. तुमच्या गावात अशी पाहणी झाल्याचं कोणाला आठवतं? हात वर करा. एकही नाही.

प्रमाणपत्रासाठी मी मुलाला घेऊन चार खेपा केल्या. लव्हाळा फाट्यावरून गाड्या बदलत जायचं. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर, दुसऱ्या खेपेला चाचणी घेणारे मानसशास्त्रज्ञ नाहीत, तिसऱ्या खेपेला “मुलगा तर चांगला दिसतो, कशाला दाखला पाहिजे?” असा प्रश्न. चार दिवसांची मजुरी गेली आणि भाडं वेगळं. चौथ्या खेपेला आम्ही गटातल्या सात जणी बरोबर गेलो. त्या दिवशी काम झालं. त्याला दहावीला लेखनिक मिळाला, जास्तीचा वेळ मिळाला. २०२३ साली तो पास झाला. मग आयटीआयला गेला. वायरिंगचा नकाशा तो एकदा बघून लक्षात ठेवतो.

टाळ्या वाजवू नका. कारण ज्यासाठी मी उभी राहिले ती गोष्ट अजून सांगायची आहे.

या सगळ्या काळात माझी थोरली घरात होती. ती खोड्या करत नव्हती. दप्तर फेकत नव्हती. शाळेतून तिची एकही तक्रार आली नाही. वर्गात मागच्या बाकावर बसायची, मैत्रिणीच्या वहीतून सुंदर अक्षरात उतरवून काढायची. घरी आली की न सांगता भाकरी टाकायची. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असा तेव्हा नियम होता, म्हणून ती वर सरकत गेली. नववीत नापास झाली. तेव्हा मी काय म्हटलं ठाऊक आहे? मी, संघटनेची कार्यकर्ती, मुलींच्या शिक्षणावर भाषणं देणारी, मी म्हटलं, “जाऊ दे, तिला अभ्यासात गतीच नाही.” २०१८ साली तिची शाळा सुटली. त्याच वर्षी मी तिच्या भावाच्या दाखल्यासाठी खेपा मारत होते. आणि मी बाहेरगावी गेले की घर ती सांभाळायची.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी मुलाच्या अभ्यासाला ती शेजारी बसली होती. मी सांगितलं, “जरा वाचून दाखव त्याला.” ती उठून चुलीकडे गेली. मुलगा म्हणाला, “आई, ताईलेबी माह्यासारखंच हाये. ती वाचत नाही, पाठ करते. तुले दिसत नाही का?”

जे मला माझ्या मास्तरांनी केलं होतं, जे माझ्या बापानं केलं होतं, ते मी माझ्या मुलीला केलं होतं. छडी न मारता केलं, एवढाच फरक.

नंतर मला कळलं की हे माझ्या एकटीच्या घरात झालेलं नाही. अमेरिकेत सॅली शायविट्झ या डॉक्टरबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कनेक्टिकट राज्यात शाळांनी ‘यांना वाचनाची अडचण आहे’ म्हणून जी मुलं निवडली होती त्यांत मुलगे मुलींपेक्षा कितीतरी जास्त. मग त्यांनी सगळ्याच मुलांच्या चाचण्या स्वतः घेतल्या. तेव्हा मुलगे आणि मुली यांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. अडचण दोघांनाही होती. मुलगे गोंधळ घालतात म्हणून मास्तरांना दिसतात. मुली गप्प बसतात म्हणून दिसत नाहीत. मुलींना गप्प बसायला आपणच शिकवतो, आणि मग त्या गप्पपणाची शिक्षाही त्यांनाच होते. मुलगा वाचत नाही तर घराण्याची चिंता, इलाज शोधायचा. मुलगी वाचत नाही तर स्थळ शोधायचं.

आता करायचं काय? आधी घरातलं. एक धडा दहा वेळा लिहायला लावू नका. चूक दहा वेळा पक्की होते. परातीत पीठ किंवा बारीक माती पसरा, अक्षर मोठं काढायला लावा आणि काढताना त्याचा आवाज तोंडानं म्हणायला लावा. हात, डोळा, कान आणि तोंड एकदम कामाला लागले की अक्षर बसतं. अमेरिकेतल्या ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेनं १९३० च्या दशकात डॉ. ऑर्टन यांच्याबरोबर हीच दिशा पक्की केली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांना पानं, बिया, खडे हाताशी घेऊन शिकवलं, म्हणजे ही रीत आपल्याला परकी नाही. शब्दाचे तुकडे टाळीवर पाडा, ‘सा-ख-र’ अशा तीन टाळ्या. एका वेळी एकच वेलांटी, एकच मात्रा. ती पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. वाचताना कागदाला खाच पाडून एकच ओळ दिसेल असं करा. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत, पण रोज. धडे त्याला वाचून दाखवा, म्हणजे वाचन मागं राहिलं तरी ज्ञान मागं राहणार नाही. तुम्हालाच वाचता येत नसेल तर वर्गातल्या मैत्रिणीला फोनवर वाचून पाठवायला सांगा. माझा मुलगा असाच शिकला.

आणि एक मागणी करू नका. प्रत्येक अशा मुलानं चित्रकार किंवा शास्त्रज्ञ निघावं ही मागणी. सिनेमातला मुलगा चित्रं फार सुंदर काढतो, म्हणून सगळे त्याला टाळ्या देतात. माझ्या मुलीला चित्र येत नाही. तिला सन्मानानं शिकायचं आहे. त्यासाठी तिनं आधी काही दिव्य करून दाखवायला नको.

आता संघटनेनं करायचं ते. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या तरी बायका असल्या पाहिजेत असा नियम आहे. त्या बायका फक्त सही करायला जातात. त्यांनी पुढच्या बैठकीत विचारायचं, तिसरीच्या वर्गात अडचण असलेली मुलं किती, आणि मुली किती? यादीत सगळे मुलगेच असतील तर यादी अपुरी आहे असं समजायचं. दाखल्यासाठी एकटीनं जायचं नाही, गटानं जायचं. तपासणी तालुक्याला ठरलेल्या दिवशी व्हावी ही मागणी मोर्चात घ्यायची. आणि शाळा सुटलेल्या मुलींची आपण जी यादी करतो, त्यात ‘गती नव्हती’ असं कोणी म्हटलं की तिथं रेघ मारून त्या मुलीला भेटायला जायचं.

माझी मुलगी आता बावीस वर्षांची आहे. तिचीही तपासणी झाली. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे, येत्या दहावीला बाहेरून बसणार आहे. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “माफी राहू दे, सकाळच्या भाकरी तू कर.” परीक्षेपर्यंत भाकरी मी आणि मुलगा करतो.

शेवटचं. आज शिबिर संपताना ठराव होईल आणि कागद फिरेल. आतापर्यंत मी सगळ्यांच्या आधी सही करत आले, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. आज मी तसं करणार नाही. माझी एक सूचना आहे, ती पहिला ठराव म्हणून घ्या. आपल्या कोणत्याही गटात कोणताही कागद, ठराव असो, कर्जाचा अर्ज असो की जमिनीचा कागद असो, आधी मोठ्यानं दोनदा वाचून दाखवायचा आणि मगच सह्या घ्यायच्या. “तुला वाचता येतं का?” असं कोणालाही विचारायचं नाही. सगळ्यांसाठीच वाचायचा. म्हणजे जिला येत नाही तिला ते सांगायची लाज उरणार नाही, आणि लाजेपायी कोणाचं शेत जाणार नाही.

घ्या, वाचा कोणीतरी. मी ऐकते आहे.